गुरुवारचा एक तास



आज गुरुवार.
भोसरी एमआयडीसीतल्या कितीतरी वर्कशॉपना आज साप्ताहिक सुट्टी.
आठवडाभर मशीन आणि पंचिंगच्या वेळा.
चाकणच्या चौकात बस अडकली, की जीव कासावीस.

मग सुट्टी येते.
आणि तीही कामांनी गच्च भरून जाते.
गॅस, बँक, किराणा, गाडीची सर्व्हिसिंग.

म्हणून एक विनंती.
सुट्टीतला एक तास रिकामा ठेवा.
त्या तासात कुठलंही काम नको.

जायचं कुठे?
जागा जवळच आहेत.
निगडीची दुर्गा टेकडी.
चिंचवडला पवनेकाठी मोरया गोसावींची समाधी.

चाकणमध्ये तर संग्रामदुर्ग आहे.
हा भुईकोट.
1660 साली फिरंगोजी नरसाळा यांनी तो शाहिस्तेखानाविरुद्ध लढवला.
दीड महिन्याहून अधिक काळ!
आज थोडी तटबंदी उरली आहे.
रोज त्याच गावातून कामावर जाणाऱ्यांनी ती एकदा सावकाश पाहावी, असं मला मनापासून वाटतं.

आणि देहूजवळचा भंडारा डोंगर.
इथे तुकाराम महाराज एकांतात बसत.
तळेगाव-चाकण रस्त्यावरून तो दिसतो.
वर गेलात, तर फोन खिशातच राहू द्या.
मुलांना सोबत न्या.
त्यांच्या चालीनं चला.

पुन्हा सांगते.
एक तास, रिकामा.

रात्रपाळी करून आला असाल,
तर मात्र आधी झोप पूर्ण करा.
घरच्यांनीही तेवढा वेळ टीव्हीचा आवाज कमी ठेवावा.