काकूंचं झाडूयंत्र वायफायला कसं जोडलं



आज जरा वेगळा विषय आहे. घरात आपोआप फिरून झाडू मारणारं एक यंत्र असतं. ते वायफायला जोडताना आम्हाला काय काय करावं लागलं, ते सांगायचं आहे. तुम्ही म्हणाल, असलं यंत्र आमच्याकडे कुठलं? नसेल. पण दुकानात, गोठ्यावर वायफायचा कॅमेरा बसवलेल्या मैत्रिणी आता आहेत. मोबाईलवरून चालू-बंद होणारे बल्ब आहेत, प्लग आहेत. ही यंत्रं बहुतेक वेळा त्याच त्या चार-पाच ठिकाणी अडतात. म्हणून शेवटपर्यंत ऐका.

आमच्या गटात एक काकू आहेत. साठी उलटली, दोन्ही गुडघे दुखतात. खाली बसलं की उठायला कुणाचा तरी हात लागतो. त्यांची लेक पुण्यात नोकरी करते. तिनं पगारातून पैसे बाजूला टाकून आईसाठी हे यंत्र घेतलं. परातीसारखं गोल, वीतभरही उंच नाही. खाली ब्रश, पोटात कचऱ्याची डबी, आणि चार्जिंगला टेकायला भिंतीजवळ एक छोटा ठोकळा. दिवाळीला लेक आली, यंत्र दिलं, आणि सुट्टी नाही म्हणून दुसऱ्या दिवशी परत गेली.

पुढे दोन महिन्यांनी गटाची मासिक बैठक काकूंच्या घरी होती. सतरंजी काढायला आमच्यातली एक खाटेखाली वाकली, तर जुन्या लुगड्याच्या फडक्यात गुंडाळलेलं यंत्र तिथं! काकू ओशाळल्या. म्हणाल्या, "पुतण्यानं दोनदा बघितलं. वायफाय धरत नाही म्हणाला, खराब आहे म्हणाला. लेक फोनवर विचारते, आई चालतंय का? मी म्हणते, हो गं, छान चालतंय. काय सांगू तिला? पोरीनं पोटाला चिमटा घेऊन पैसे घातलेत. आपल्यालाच यंत्रातलं कळत नाही, बायकांना कसलं जमतंय ते."

हे शेवटचं वाक्य आम्हाला लागलं. मैत्रिणींनो, झाडू मारायचा बायकांनी आणि झाडूचं यंत्र मात्र कळायचं पुरुषांना, हा कुठला न्याय? २००२ साली अमेरिकेत रूम्बा नावाचं झाडूयंत्र बाजारात आलं आणि घरोघरी गेलं. ते बनवणारी कंपनी १९९० साली तिघांनी मिळून सुरू केली. त्या तिघांत एक बाई होती, हेलन ग्रायनर, शिकलेली इंजिनीअर. काकूंना हे सांगितलं तेव्हा त्या नुसत्या "अस्सं?" म्हणाल्या. पण यंत्र खाटेखालून बाहेर आलं.

पहिली गोष्ट आम्ही केली ती सोपी. यंत्र तीन-चार तास चार्ज केलं आणि वरचं बटण दाबलं. यंत्र गुरगुरलं आणि चालायला लागलं! झाडूसुद्धा मारायला लागलं. काकू बघतच राहिल्या. हे नीट लक्षात ठेवा. असल्या यंत्राला झाडू मारायला सहसा वायफाय लागत नाही. मोटर, ब्रश, बॅटरी सगळं त्याच्या पोटात आहे. वायफाय लागतं ते फोनवरून हुकूम द्यायला, वेळ लावून ठेवायला, घराचा नकाशा बघायला. म्हणजे यंत्र खराब नव्हतंच. दोन महिने उगाच गुंडाळून पडलं होतं.

मग एकजण म्हणाली, "झालं की! आता वायफायचं कशाला डोक्याला?" त्यावर काकू हळूच बोलल्या, "ते बटण दाबायला खाली वाकावं लागतं ना बाई." आम्ही गप्प झालो. ज्यांच्या गुडघ्यांसाठी यंत्र आणलं, त्यांनीच रोज वाकायचं, तर उपयोग काय? खाटेवर बसून फोनवरून चालू झालं पाहिजे. म्हणून वायफाय जोडायचंच, असं ठरलं.

आता कसं शोधायचं? आपल्या गटाच्या हिशेबात वीस रुपये कमी आले तर आपण काय करतो? सगळी वही चुकली म्हणून फाडून टाकत नाही. एकेक ओळ तपासत जातो. इथंही तेच केलं. वहीचं कोरं पान घेतलं आणि एका वेळी एकच गोष्ट तपासायची, ती लिहायची, मगच पुढं जायचं असं ठरवलं. पुतण्यानं एकदम दहा बटणं दाबली होती. त्यामुळे कशानं काय झालं, हे त्यालाच कळलं नव्हतं.

पहिली ओळ : घरात वायफाय चालू आहे का? फोनवरचा मोबाईल डेटा बंद केला आणि फक्त वायफायवर एक व्हिडिओ लावून बघितला. चालला. हे आधी बघायचं, कारण कधी कधी महिन्याचं रिचार्जच संपलेलं असतं आणि आपण यंत्राला दोष देतो. फायबरचं कनेक्शन असेल तर राउटरच्या डब्यावर एलओएस लिहिलेला दिवा असतो. तो लाल लुकलुकत असेल तर बहुतेक बाहेरून येणारी तार तुटलेली किंवा निसटलेली असते. तिथं आपण काही करायचं नाही, कनेक्शनवाल्याला फोन करायचा. आणि वीज जाऊन आली असेल तर राउटरला पूर्ण सुरू व्हायला दोन-तीन मिनिटं द्यायची.

दुसरी ओळ : वायफाय कोणतं? इथं आम्हाला पहिली चूक सापडली. काकूंच्या फोनवर त्यांच्याच घरची दोन नावं दिसत होती. एक साधं, आणि एक, ज्याच्या शेवटी ५जी लिहिलेलं. फोन त्या ५जीवाल्याला जोडलेला होता. हे मोबाईलचं फाइव्ह-जी नव्हे बरं का. राउटर दोन प्रकारच्या लहरी सोडतो. एक २.४ गिगाहर्ट्झची, दुसरी ५ गिगाहर्ट्झची. आता बघा, जत्रेत ढोल आणि टाळ दोन्ही वाजतात. ढोल शेजारच्या गावापर्यंत ऐकू येतो, टाळाचा आवाज देवळाच्या आसपासच विरतो. तसंच हे. २.४ ची लहर हळू, पण लांब जाते, भिंती ओलांडते. ५ ची वेगवान, पण जाड भिंतीपलीकडे दमते. झाडूयंत्र, स्वस्तातले कॅमेरे, बल्ब, प्लग यांतली बहुतेक यंत्रं फक्त २.४ ची भाषा ओळखतात. ५ वाली त्यांना दिसतसुद्धा नाही. आम्ही फोन साध्या नावाला जोडला. तुमच्या घरी दोन्हीला एकच नाव असेल आणि यंत्र धरत नसेल, तर कनेक्शनवाल्याला सांगायचं, "दोन्हीची नावं वेगळी करून दे." त्याच्यासाठी ते पाच मिनिटांचं काम आहे.

तिसरी ओळ : पासवर्ड. लहान अक्षर, मोठं अक्षर वेगळं धरलं जातं. शून्य आणि इंग्रजी ओ सारखे दिसतात. फोन कधी पहिलं अक्षर आपणहून मोठं करतो, कधी शेवटी रिकामी जागा सोडतो. म्हणून पासवर्डच्या चौकटीतलं डोळ्याचं चिन्ह दाबायचं आणि अक्षर न् अक्षर बघायचं. काकूंचा पासवर्ड बरोबर होता.

चौथी ओळ : अ‍ॅपला परवानगी. अ‍ॅप विचारतं, लोकेशन वापरू का, ब्लूटूथ वापरू का, जवळची यंत्रं शोधू का. आपण घाबरून सगळ्याला नको म्हणतो. पुतण्यानंही तेच केलं होतं. पण आजूबाजूला कोणतं वायफाय आहे हे बघायला बऱ्याच फोनमध्ये ही परवानगी लागते. जोडणी होईपर्यंत ती द्यायची. काम झालं की लोकेशन पुन्हा बंद करता येतं. फोटो, फोनमधले नंबर, मेसेज यांची परवानगी मात्र झाडूयंत्राला कशाला? ती नाकारायची.

पाचवी ओळ : यंत्राची जुनी आठवण पुसणं. सोबतच्या पुस्तिकेत दिलं होतं, दोन बटणं एकत्र काही सेकंद दाबून धरा. प्रत्येक कंपनीचं वेगळं असतं, म्हणून पुस्तिका जपून ठेवायची. बटणं दाबल्यावर यंत्र बोललं आणि त्याचा दिवा लुकलुकला. आता ते स्वतःचंच एक छोटं वायफाय सोडतं आणि फोन थोडा वेळ त्याला जोडावा लागतो. तिथं फोन इशारा देतो, "या वायफायवर इंटरनेट नाही." घाबरायचं नाही. इंटरनेट नसणारच, फोन नुसता यंत्राशी बोलतोय. "जोडलेलं ठेवा" म्हणायचं. मोबाईल डेटा तेवढा वेळ बंद ठेवायचा, नाहीतर फोन मध्येच तिकडं पळतो. आणि हे सगळं राउटरच्या शेजारी बसून करायचं. काकूंचा राउटर माजघरात, यंत्र ओसरीत, मध्ये दगडी भिंत. आम्ही यंत्र उचलून माजघरात नेलं.

एवढं करूनही जोडणी झाली नाही. फोनवर इंग्रजीत काहीतरी लाल अक्षरांत आलं. आमच्यातली एक वैतागली. तिनं मोबाईलवर कंपनीचा नंबर शोधला आणि वर दिसला तो फिरवला. पलीकडचा माणूस गोड बोलला आणि म्हणाला, "एक अ‍ॅप टाका, मी इथून तुमचा फोन दुरुस्त करतो, फक्त दहा रुपये भरा." आम्ही फोन कापला. मैत्रिणींनो, ज्या फोनवर आपण गटाचे हप्ते भरतो, त्याचा पडदा परक्या माणसाला दाखवायचा? त्याला आपला पिन दिसतो, ओटीपी दिसतो. कंपनीचा नंबर खोक्यावर किंवा पुस्तिकेत छापलेला असतो, तोच घ्यायचा. आणि चुकून पैसे गेलेच, तर लाजत बसू नका, लगेच १९३० या नंबरवर तक्रार करा. जितकं लवकर, तितकं बरं.

मग आम्ही ती लाल अक्षरं सावकाश वाचली. त्यात लिहिलं होतं, हे यंत्र दुसऱ्या खात्याला जोडलेलं आहे. दुसरं खातं कुणाचं? आम्ही काकूंकडं बघितलं. काकूंनी मान खाली घातली. खातं लेकीचंच असणार. म्हणजे तिला फोन केल्याशिवाय सुटका नाही, आणि फोन केला की दोन महिन्यांचं खोटं उघडं पडणार.

काकू बराच वेळ बसून राहिल्या. मग स्वतःच फोन लावला. म्हणाल्या, "बाळा, ते यंत्र चालत नव्हतं गं. मी तुला खोटं सांगत होते." पलीकडं लेक आधी गप्प झाली, मग म्हणाली, "अगं आई, माझंच चुकलं. चालतंय का बघायला मी पुण्यात माझ्या वायफायला जोडलं होतं, माझ्याच फोनवर. काढायला विसरले. तू तेव्हाच का नाही सांगितलंस?" काकू म्हणाल्या, "तुझे पैसे वाया गेले असं तुला वाटेल म्हणून."

लेकीनं तिच्या अ‍ॅपमधून यंत्र काढून टाकलं. आम्ही पाचवी ओळ पुन्हा पहिल्यापासून केली. या वेळी जोडलं. मग काकूंनी खाटेवर बसून, चष्मा लावून, अंगठ्यानं फोनवरचं बटण दाबलं. यंत्र निघालं, माजघरभर फिरलं आणि शेवटी गोधडीच्या दशीत अडकून ओरडायला लागलं. सगळ्याजणी हसलो. मग काकूंनीच नियम केला, यंत्र सोडण्याआधी गोधड्या, सुतळ्या, मुलांची खेळणी उचलायची. उंबरठा त्याला ओलांडता येत नाही, म्हणून एक दिवस माजघर, एक दिवस ओसरी. सुनेनं उचलून ठेवायचं, काकूंनी फोनवरून चालवायचं.

जाता जाता दोन गोष्टी. ग्रामपंचायतीजवळचं जे वायफाय मोबाईल नंबर आणि ओटीपी विचारतं, त्यावर असली यंत्रं सहसा चालत नाहीत. यंत्राला ओटीपी टाकता येत नाही ना! घरचंच कनेक्शन लागतं. आणि घरातला पासवर्ड किंवा राउटर बदलला, तर यंत्राला नवा पासवर्ड पुन्हा सांगावा लागतो. नुसती वीज गेली असेल, तर थोड्या वेळात ते आपोआप जोडलं जातं.

त्या दिवशी लिहिलेलं वहीचं पान आम्ही फाडलं नाही. गटाच्या इतिवृत्ताला जोडून ठेवलं. पुढच्याच आठवड्यात एका ताईंच्या गोठ्यावरचा कॅमेरा बंद पडला, तेव्हा ते पान घेऊन आम्ही गेलो. दुसऱ्या ओळीतच दोष सापडला.

तुमच्याही गटात असं एक पान करा. आणि मैत्रिणींनो, कुणाच्या खाटेखाली असं काही गुंडाळून ठेवलेलं असेल, तर पुढच्या बैठकीत ते बाहेर काढा. लाजू नका. आधी लेकीला फोन लावा.