निरोगी घशातील जंतू आणि पालकांचा विवेक



शाळेच्या प्रांगणात प्रार्थनेसाठी उभी असलेली शंभर मुले डोळ्यांसमोर आणावीत. कोणाला ताप नाही, खोकला नाही; सर्वांचे आवाज खणखणीत. तरीही त्यांच्या घशातील स्राव तपासला, तर दहा-बारा जणांच्या घशात ‘स्ट्रेप्टोकॉकस पायोजेनिस’ हा जंतू आढळण्याचा संभव असतो. निरनिराळ्या देशांतील पाहण्यांचे जे एकत्रित विश्लेषण २०१० साली प्रसिद्ध झाले, त्यात हे प्रमाण सरासरी १२ टक्के भरले.

ही मुले रुग्ण नव्हेत. वैद्यकशास्त्र त्यांना ‘वाहक’ म्हणते. जंतू घशात बिऱ्हाड करून असतो. परंतु तो उपद्रव देत नाही. त्याच्यापासून इतरांना संसर्ग होण्याचा धोकाही अल्पच. म्हणून केवळ तपासणीच्या अहवालात जंतूचे नाव आले, एवढ्यावरून निरोगी बालकावर औषधांचा भडिमार करण्याचे सहसा कारण नाही.

मग चिंता कशाची? हाच जंतू जेव्हा खरोखर हल्ला करतो, तेव्हा एकाएकी ताप येतो, घोट गिळताना वेदना होतात, टॉन्सिल लालभडक होऊन त्यांवर पांढरे ठिपके दिसतात, गळ्यातील गाठी दुखतात. सर्दी-खोकला मात्र बहुधा नसतो. चार-पाच दिवसांत घसा आपोआप बरा वाटू लागतो, आणि खरा घात इथेच होतो. दोन-तीन आठवड्यांनी काही थोड्या मुलांत शरीराची संरक्षक यंत्रणा शत्रू सोडून स्वकीयांवरच उलटते. सांधे सुजतात, हृदयाच्या झडपांना इजा होते. हाच ऱ्हुमॅटिक ताप. त्याचा कटाक्ष मुख्यतः ५ ते १५ या वयोगटावर असतो. सांधे पूर्ववत होतात; झडपा मात्र पुनःपुन्हा आघात झाल्यास कायमच्या निकामी होतात. मग ऐन तारुण्यात जिना चढताना धाप लागते आणि मुलीच्या बाबतीत बाळंतपण जोखमीचे ठरते.

दाटीवाटीची घरे आणि दारिद्र्य हे या व्याधीचे माहेर. निवारा आणि उपचार सुधारले, तशी ती संपन्न देशांतून ओसरली. भारतातून ती अद्याप हटलेली नाही.

तथापि उपाय हाताशी आहे. घसा दुखू लागल्यापासून नऊ दिवसांच्या आत पेनिसिलिन सुरू केल्यास ऱ्हुमॅटिक ताप टाळता येतो. अमेरिकेतील वायोमिंगच्या लष्करी तळावरील सैनिकांच्या अभ्यासातून पेनिसिलिनचे हे सामर्थ्य १९५० साली सिद्ध झाले. पुढे १९५५ साली पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्स या सरकारी कारखान्यात पेनिसिलिन तयार होऊ लागले. विशेष म्हणजे, इतक्या दशकांनंतरही हा जंतू पेनिसिलिनला दाद देतो. त्यावर लस मात्र अद्याप उपलब्ध नाही.

म्हणून घराघरांत दोन चुका टळाव्यात. पहिली, प्रत्येक घसादुखीला स्वतःच्या मनाने प्रतिजैविक देण्याची. बहुतेक घसादुखी विषाणूंमुळे होते. तिथे हे औषध व्यर्थ ठरते आणि शरीरातील इतर जंतूंना मात्र निर्ढावण्याची संधी मिळते. दुसरी, डॉक्टरांनी दहा दिवसांच्या गोळ्या दिल्या असताना तिसऱ्या दिवशी ताप उतरला म्हणून उरलेल्या गोळ्या फडताळात ठेवून देण्याची. ज्या मुलाला ऱ्हुमॅटिक ताप येऊन गेला आहे, त्याचे दर तीन-चार आठवड्यांचे पेनिसिलिनचे इंजेक्शन तर डॉक्टर सांगतील तितकी वर्षे चुकता कामा नये.

निरोगी मुलाला विनाकारण रुग्ण ठरवू नये आणि आजारी मुलाच्या घशाला क्षुल्लक मानू नये. हा विवेक ज्या घरात आहे, त्या घरातील बालकाचे हृदय सुरक्षित आहे.