केकवरचा हत्ती

आमच्या गटाने वाढदिवसाच्या केकवर फाँडंटचा, म्हणजे मळलेल्या साखरेचा, पहिला हत्ती केला. डोकं टिकेना, म्हणून आत टूथपिक खोचली. केक पोचवून घरी आलो आणि एकदम आठवलं, तो हत्ती लेकरू खाणार! धावत फोन केला. नशीब, हत्ती अजून शाबूत होता.

आता आम्ही कच्च्या स्पॅगेटीची काडी घालतो, आणि तीही आहे हे आईला सांगतोच. पाव किलो फाँडंटला खाण्याची सीएमसी पावडर एक लहान चमचा मळली की पाय बसत नाहीत. हत्ती दोन दिवस आधी करून जाळीखाली सुकवायचा. फ्रिजमध्ये नको, पाणी सुटून चिकट होतो. क्रीमच्या केकवर तर अगदी देतानाच बसवतो.