धोक्याची माहिती कोणाजवळ?

१४ एप्रिल १९४४ रोजीं मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदींत फोर्ट स्टिकिन हें जहाज स्फोट होऊन फुटलें. त्याच्या पोटांत दारूगोळा होता, कापूसहि होता. परंतु स्फोटक माल सुचविणारें तांबडें निशाण वर चढविलेलें नव्हतें. धोका कागदोपत्रीं नमूद होता. धक्क्यावरील इतरांस तो दिसावा कसा?

अशी माहिती पसरविणें एकट्याचें काम नव्हे. सरकारजवळ कायदा असतो, पण यंत्राचा खोडसाळ स्वभाव कारखानदार व कामगारच जाणतात. ४ मार्च १९६६ रोजीं केंद्रीय श्रम मंत्रालयानें स्थापिलेल्या राष्ट्रीय सुरक्षा परिषदेंत म्हणूनच उभयतांच्या संघटनांस स्थान मिळालें. भित्तिपत्रकें, पुस्तिका, शिक्षणवर्ग हीं त्या सहकार्याचींच फळें होत. त्यांत भित्तिपत्रक अधिक मोलाचें. जाडजूड पुस्तिका बहुधा व्यवस्थापकाच्या कपाटांतच विसावते!

पुढें १९८४ सालीं भोपाळ येथें विषारी वायु कारखान्याची भिंत ओलांडून वस्तींत शिरला. डोळे कशानें जळत आहेत, हेंहि वस्तीस ठाऊक नव्हतें. तेव्हां सहकार्यास कायद्याची जोड मिळाली. १९८७ च्या दुरुस्तीनें धोक्याचें स्वरूप व त्यावरील उपाय कामगारांस, मुख्य निरीक्षकांस, स्थानिक संस्थेस आणि शेजारच्या जनतेसहि कळविणें धोकादायक प्रक्रिया चालविणाऱ्या कारखानदारावर बंधनकारक झालें.