घरच्या घरीं केंसांना कलप

आजच्या भाषणाचा विषय ऐकून आपल्यापैकीं कांहीं जणांच्या मुखावर हास्य उमटलें असेल. जन्मभर मुलांना व्याकरण शिकविलेल्या गृहस्थानें म्हातारपणीं केंसांच्या कलपावर बोलावें, हें थोडेंसें चमत्कारिक खरेंच. परंतु पुष्कळ सुशिक्षित घरांतून हा विधि महिन्या-दीड महिन्यानें नियमितपणें होत असतो. त्याविषयीं मोकळेपणानें मात्र कोणी बोलत नाहीं. जें काम लपून व घाईनें होतें तें बहुधा बिघडतें. कपाळावर काळा डाग, कानशिलाजवळ तांबूस पट्टा, मानेवर पांढरेंच राहिलेलें ठिगळ, हें चित्र आपण सर्वांनीं पाहिलें आहे. डाग कालांतरानें निघून जातात. पण त्वचेस व डोळ्यांस होणारी इजा तितकी सहज जात नाहीं. म्हणून रंग सारखा कसा बसावा आणि तो लावतांना जपावें कशास, या दोन्ही गोष्टी आज सांगतों.

केंसाच्या बाहेरील अंगास माशाच्या खवल्यांसारखें आवरण असतें. बाजारांतील बहुतेक टिकाऊ कलप दोन भागांचे असतात. एकांत पॅराफिनिलीनडायअमीन किंवा तत्सम द्रव्य आणि बहुधा अमोनिया. दुसऱ्यांत हायड्रोजन पेरॉक्साइड. अमोनियानें खवले उघडतात व रंगहीन सूक्ष्म कण आंत शिरतात. तेथें पेरॉक्साइडच्या प्राणवायूनें त्यांचा संयोग होऊन मोठे रंगीत कण बनतात आणि ते आंतच अडकून राहतात. फ्रान्समधील रसायनज्ञ यूजेन शुलेर यांनीं १९०७ च्या सुमारास असा कलप तयार केला आणि १९०९ सालीं त्याचा कारखाना काढला. तोच पुढें ‘लॉरिआल’ या नांवानें जगभर पसरला.

रंग विषम कां बसतो, याचें उत्तर या क्रियेंतच आहे. टाळूच्या उष्णतेनें मुळांजवळ क्रिया जलद होते. टोंकें जुनीं व झिजलेलीं असल्यामुळें रंग अधिक शोषून घेतात. उलट पांढरा केंस पुष्कळदां राठ असतो. तो रंग लवकर घेत नाहीं. एकाच डोक्यावर असे तीन स्वभाव नांदत असतां सर्वांस एकच माप लावून कसें चालेल? वर्गांतील मुलांचेंही असेंच असतें.

आतां कृति ऐका. डोक्यास तेल नसावें. पण त्याच दिवशीं घासून न्हाऊंही नये. कपाळ, कान व मान यांस व्हॅसलीन लावावें, हातांत रबरी मोजे घालावे. कपाळापासून मानेपर्यंत एक व कानापासून कानापर्यंत दुसरा असे दोन भांग पाडून केंसांचे चार भाग करावे. मिश्रण काचेच्या किंवा चिनी मातीच्या भांड्यांत कालवावें. धातूच्या संपर्कानें पेरॉक्साइड बिघडतें. प्रत्येक भागांत अर्ध्या-अर्ध्या इंचावर नवा भांग पाडीत, जेथें पांढरें अधिक तेथून आरंभ करून, कुंचल्यानें बटेच्या दोन्ही बाजूंस रंग लावावा. बोटांनीं वरवर चोपडल्यास आंतला थर कोराच राहतो.

लांब केंसांना प्रथमच कलप लावावयाचा असेल, तर मधल्या लांबीस आधीं आणि मुळांस व टोंकांस शेवटीं लावावा. पुढील खेपेस मात्र केवळ नव्यानें वाढलेल्या मुळांसच लावावा. केंस महिन्यास सुमारें एक सेंटिमीटर वाढतो. तेवढेंच काम असतें. दर वेळीं टोंकांपर्यंत माखल्यानें टोंकें काजळासारखीं व मुळें फिकट दिसूं लागतात. वेष्टनावरील वेळ घड्याळानें पाळावी. उरलेलें मिश्रण बाटलींत भरून ठेवूं नये. त्यांतून वायु निघत राहतो व घट्ट झांकण फुटण्याचा संभव असतो.

ज्यांना हीं रसायनें नकोत त्यांना मेंदी व नीळ यांचा जुना मार्ग आहे. मेंदीचा तांबूस रंग केंसांतील प्रथिनास चिकटतो. ती कांहीं तास भिजवून लावावी व धुवावी. मग निळीच्या पाल्याची पूड कोमट पाण्यांत कालवून लगेच लावावी. काळसर छटा एक-दोन दिवसांत गडद होते. येथें मात्र केंस स्वच्छ धुतलेले हवेत. नुसत्या मेंदीनें कधींही काळा रंग येत नाहीं, हें पक्कें ध्यानांत ठेवावें. ‘काळी मेंदी’ म्हणून मिळणाऱ्या पुष्कळ पुड्यांत वर सांगितलेलें रसायनच मिसळलेलें असतें.

आणि येथेंच खरा धोका आहे. पॅराफिनिलीनडायअमीन कित्येकांस सोसत नाहीं. लग्नकार्यांत हातावर काढलेल्या काळ्या मेंदीनें शरीर एकदां दुखावलें, म्हणजे पुढें अनेक वर्षांनीं कलप लावतांच डोकें व चेहरा सुजूं शकतो. म्हणून प्रत्येक खेपेस थोडासा कलप वेष्टनावरील सूचनेप्रमाणें कानामागें किंवा कोपराच्या आंतील बाजूस लावून ४८ तास वाट पाहावी. खाज, लाली अथवा सूज दिसल्यास तो कलप डोक्यास लावूं नये; चेहरा सुजला किंवा श्वास कोंडला तर तत्काळ वैद्यकीय मदत घ्यावी. भुंवया व पापण्यांस तर कलप लावूंच नये. अमेरिकेंत १९३३ सालीं याच द्रव्याच्या पापण्यांच्या रंगानें एका स्त्रीची दृष्टि गेली; तेथील १९३८ च्या प्रसाधनविषयक कायद्यामागें अशा घटनाही होत्या. पोटांत गेल्यास कलप प्राणघातक ठरूं शकतो. मुलांच्या हातीं तो कदापि लागूं देऊं नये.

केंस काळे करावे कीं पांढरे मिरवावे, हा ज्याच्या त्याच्या आवडीचा प्रश्न आहे. त्यांत लाज बाळगण्यासारखें कांहींच नाहीं. परंतु दोन दिवसांची वाट पाहण्याचा कंटाळा मात्र कोणीही करूं नये. समारंभ उद्यां असेल आणि परीक्षा झाली नसेल, तर पांढऱ्या केंसांनींच खुशाल जावें. यजमान आपणांस ओळखतील.