'स्ट्राइक' म्हणजे प्रहार नव्हे

(कामगार अभ्यासवर्गात केलेले भाषण)



आज आम्ही महागाईभत्ता किंवा ड्यूटीचे तास यांवर बोलणार नाही. आपल्या नेहमीच्या तोंडातल्या एका इंग्रजी शब्दावर बोलणार आहोत. तो शब्द म्हणजे 'स्ट्राइक'. आम्ही मॅट्रिकपर्यंत शिकलेले, भाषापंडित नव्हे. पण ज्या हत्याराने आपण लढतो, त्याचे नाव कोठून आले हे आपणांस ठाऊक असलेच पाहिजे.

'स्ट्राइक' म्हटले की मारणे, ठोकणे हाच अर्थ आधी मनात येतो. घड्याळाचा ठोका पडतो तो स्ट्राइक, काडी ओढून पेटविणे ते स्ट्राइक, पटावरून नाव खोडणे ते स्ट्राइक ऑफ. त्यामुळे पुष्कळांना वाटते की स्ट्राइक म्हणजे मालकावर केलेला हल्ला. आपल्यातील काही तरुणांचाही तसाच समज आहे. या शब्दाचा इतिहास मात्र वेगळेच सांगतो.

जुन्या इंग्रजीत या क्रियापदाचा अर्थ होता जाणे, किंवा हात फिरवून घासणे. 'स्ट्रोक' हा शब्द त्याच्याच भावकीतला. मारण्याचा अर्थ मागाहून आला. खलाशांच्या बोलीत आणखी एक अर्थ रुजला, तो म्हणजे खाली उतरविणे. १७६८ साली लंडनच्या थेम्स नदीवर व्यापारी जहाजांवरील खलाशांनी पगारवाढीसाठी जहाजांची शिडे खाली उतरविली. शीड उतरले की जहाज जागचे हलत नाही. काम बंद करणे या अर्थाने 'स्ट्राइक' तेव्हापासून रूढ झाला. म्हणजे आपला स्ट्राइक ठोशातून नव्हे, उतरलेल्या शिडातून जन्मला.

इतर भाषांतही हेच दिसते. फ्रेंच लोक संपाला 'ग्रेव्ह' म्हणतात. पॅरिसच्या ज्या चौकात बेकार मजूर कामाच्या शोधात जमत, त्या चौकाचे हे नाव. आपल्याकडील 'हरताळ' हा शब्द हाट म्हणजे बाजार आणि ताळा म्हणजे कुलूप यांवरून आला, असे सांगतात. आणि गुजराती बांधवांना विचारा, त्यांच्या भाषेत 'संप' म्हणजे एकोपा! यांतल्या एकाही शब्दात मारहाण नाही.

आपल्या रेल्वेत ही परंपरा जुनी आहे. १८६२ साली हावडा येथे सुमारे १२०० रेल्वे कामगारांनी आठ तासांच्या दिवसासाठी काम थांबविले. शिकागोचा लढा त्यानंतर २४ वर्षांनी, १८८६ साली झाला. ८ मे १९७४ रोजी देशभरातील रेल्वे कामगार संपावर गेले आणि सुमारे वीस दिवस लढले. त्यातही आठ तासांची आणि बोनसची मागणी होती.

आता मुद्द्याचे. शब्दाचा अर्थ कोण ठरवितो, याला फार महत्त्व आहे. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्याने संपाची व्याख्या केली, ती कामगारांनी मिळून काम थांबविणे अशी. २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेने ती व्याख्या रुंदावली. एखाद्या दिवशी निम्म्या किंवा अधिक कामगारांनी ठरवून किरकोळ रजा घेतली, तरी तो संपच. संपापूर्वी चौदा दिवसांच्या नोटिशीचे बंधन आपल्या रेल्वेसारख्या लोकोपयोगी सेवांना पूर्वीपासून होते. संहितेने ते सर्वच उद्योगांना लावले. शब्द तोच, पण त्याचे कुंपण सरकले. म्हणून प्रत्येक शाखेने ही व्याख्या आपल्या भाषेत सभासदांना वाचून दाखवावी, अशी आमची विनंती आहे.

आणि तरुणांना एकच सांगणे आहे. दगड उचलणारा हात एकट्याचा असतो. शीड उतरवायला सगळे हात एकदम दोरीला लागावे लागतात. आपले बळ त्या दोरीत आहे.

कामगार एकजुटीचा विजय असो!