काचेची तार घरात घेण्याआधी



संतसाहित्य, इतिहास आणि मधुमेह यांच्या रांगेत ‘घरी फायबर घ्यावं का’ हा विषय बसवल्याबद्दल व्याख्यानमालेच्या चालकांचे आभार. विषय किरकोळ नाही. चौकात छत्री लावून जोडण्या विकणारी मुलं हाच प्रश्न तुम्हाला रोज विचारतात, फक्त उत्तरही तीच देतात.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. वेगाचा आकडा नंतर विचारा. आधी दोन गोष्टींची चौकशी करा: फायबरची काच नेमकी कुठपर्यंत येणार, आणि तुटली तर जोडायला कोण येणार.

काचेबद्दल दोन शब्द. पंजाबातल्या मोगा इथे जन्मलेले नरिंदरसिंग कपानी यांनी लंडनमध्ये हॅरल्ड हॉपकिन्स यांच्याबरोबर काचतंतूंच्या जुडग्यातून चित्र पलीकडे पोचवलं, आणि 1954 साली ते काम ‘नेचर’मध्ये छापून आलं. पण त्या काळच्या काचेत उजेड काही मीटरांतच विझायचा. दोष काचेचा नाही, तिच्यातल्या अशुद्धीचा आहे, हे 1966 साली चार्ल्स काओ यांनी मांडलं. किलोमीटरभर गेल्यावर शंभरातला एक हिस्सा उजेड जरी उरला तरी काम भागेल, असा त्यांचा हिशोब होता. आज शंभरातले पंच्याण्णव उरतात. काओ यांना 2009 साली नोबेल मिळालं. आणि हे सगळं परदेशातलंच समजू नका, असे तंतू आपल्या छत्रपती संभाजीनगरच्या वाळूजमध्ये तयार होतात.

टेलिफोनच्या जुन्या तांब्याच्या तारेचं दुखणं वेगळं. एक्स्चेंजपासून जितकं लांब, तितका इंटरनेटचा वेग कमी. चार-पाच किलोमीटरवरचं घर म्हणजे नशिबाचा भाग. पावसाळ्यात जोडांत पाणी शिरलं की फोनवर घरघर सुरू, नाहीतर थेट डेड. वळवाच्या पावसात वीज कडाडली की दुसऱ्या दिवशी मोडेम जळाल्याच्या तक्रारी. काचेतून वीज वाहत नाही, काच गंजत नाही. तेव्हा काच चांगली की तांबं, हा वाद संपलेला आहे.

वाद आहे तो शेवटच्या शंभर मीटरांचा. ‘फायबर’ म्हणून विकलं जाणारं सगळंच फायबर घरात येत नाही. पुष्कळ ठिकाणी काच गच्चीवरच्या पेटीपर्यंत येते आणि तिथून साधी लॅन केबल खिडकीतून आत घेतात. ती केबल तांब्याचीच! उन्हातान्हात पडलेली, वीज कडाडली की राउटरचं पोर्ट जाळणारी. म्हणजे पैसे काचेचे आणि दुखणं तांब्याचं. जोडणीला आलेल्या मुलाला विचारा, ‘घरात ओएनटी बसणार का?’ बारीक तार थेट ज्या डब्यात जाते तो ओएनटी. बसणार असेल तर काच घरात आली. उत्तर देताना तो खाली फोन लावायला लागला, तर काय ते समजा.

आता बिघाड. काच गंजत नाही, पण उंदीर कुरतडतो, जेसीबी तोडतो, आणि सोफा भिंतीला दाबून लावला तरी तार मुडपून उजेड गळतो. डब्यावर लाल दिवा लागतो. तुटलेली तार जोडायला स्प्लायसिंगचं मशीन लागतं, ते चालवणारा माणूस लागतो. तो माणूस तुमच्या भागात किती तासांत येतो, हे जाहिरातीत छापत नाहीत. जिन्यात भेटणारा शेजारी सांगतो. माझ्या मते या एका उत्तरावर कंपनी ठरवावी. मग ती मोठी असो की गल्लीतला केबलवाला.

वेगाबद्दल थोडक्यात. स्वच्छ चित्राचा सिनेमा पाहायला पाच एमबीपीएस पुरतात, व्हिडिओ कॉलला त्याहून कमी. चौघांचं घर तीस-चाळीसमध्ये सुखाने नांदतं. शिवाय एक्स्चेंजकडून येणारा एक तंतू नळाच्या पाण्यासारखा बत्तीस किंवा चौसष्ट घरांत वाटलेला असतो, त्यामुळे रात्री नऊचा वेग आणि दुपारी तीनचा वेग एकच असेल असं धरू नका. आणि जुन्या वाड्याच्या दीड हात जाडीच्या भिंतीपलीकडे वायफाय पोचत नसेल, तर तीनशे एमबीपीएसचा प्लॅन घेऊनही ते पोचणार नाही. तिथे राउटरची जागा बदला.

पैशांचंही उरकतो. जाहिरातीतल्या रकमेवर अठरा टक्के जीएसटी असतो. वर्षाचे पैसे आगाऊ भरले की जोडणी फुकट, असं सांगतात. पहिले दोन-तीन महिने महिन्यालाच भरावेत. जोडणीचा खर्च पडला तरी चालेल, कारण आगाऊ पैसे भरलेल्या गिऱ्हाइकाचा फोन उचलायची घाई कुणाला नसते.

ज्याचं सगळं काम एका मोबाइलवर होतं, किंवा ज्याला सहा महिन्यांत भाड्याची खोली बदलायची आहे, त्याने या फंदात पडू नये. घरून काम करणाऱ्याने, ऑनलाइन शिकवणी घेणाऱ्याने, परदेशातल्या नातवंडांशी रोज बोलणाऱ्याने मात्र जरूर घ्यावं. पाठवण्याचा वेगही इथे साधारण येण्याच्या वेगाइतकाच मिळतो. तांब्यावर नेमकी त्याचीच बोंब होती, आपला चेहरा समोरच्याला चौकोना-चौकोनांत दिसायचा.

वयस्कर मंडळींसाठी एक महत्त्वाचं. जुन्या लँडलाइनला लागणारी 48 व्होल्टची वीज एक्स्चेंजच्या बॅटऱ्यांतून तांब्यावाटेच यायची, म्हणून लाइट गेली तरी फोन चालू. काच वीज आणत नाही. लाइट गेली की ओएनटी बंद, राउटर बंद, त्यावरचा फोनही बंद. घरात इन्व्हर्टर नसेल तर राउटरपुरता छोटा यूपीएस मिळतो, तो जोडणीच्या दिवशीच आणून ठेवा. आईवडील एकटे राहत असतील तर नक्कीच.

आणि तो वडिलांच्या काळापासूनचा लँडलाइन नंबर, बँकेत, गॅस एजन्सीत, गावाकडच्या भिंतीवर लिहिलेला. मोबाइलसारखा तो दुसऱ्या कंपनीत नेता येत नाही. त्याच कंपनीत तांब्यावरून काचेवर गेलात तर राहू शकतो, तसं लेखी विचारून घ्या. कंपनी बदलणार असाल तर जुनी लाइन बंद करायचा अर्ज लगेच देऊ नका. नवी तार एक पावसाळा काढू दे. तोवर दोन बिलं येतील, ती भरा.